जुनी सीट, नवी सीट

(सायकल आपण रोज पाहतो; पण तिच्या सीटकडे आपले लक्ष सहसा जात नाही. एखादी जुनी वस्तू नव्याने घडवताना काय बदलावे आणि काय जपावे, हे या पाठात सायकलच्या सीटच्या उदाहरणाने सांगितले आहे.)



रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात नाटे हे आमचे गाव आहे. जवळच समुद्र आहे, जैतापूरची खाडी आहे, आणि गावात यशवंतगड हा जुना किल्ला आहे. शेजारचे साखरी नाटे हे मासेमारीचे बंदर. आमच्याकडे सायकल चालवणे सोपे नाही. खाडीकाठ सोडला की चढ लागतो. चढ संपला की कातळाचा सडा लागतो. रस्त्यावर खड्डे असतात, आणि जून ते सप्टेंबर असे चार महिने पाऊस कोसळत असतो. अशा रस्त्यावर सायकलची सीट कशी आहे, याला फार महत्त्व येते.

माझ्या अब्बांची एक काळी, उंच सायकल होती. तिची सीट चामड्याची होती. सीटखाली मागच्या बाजूला दोन मोठ्या स्प्रिंगा होत्या. अब्बा ती सीट फार जपत. पाऊस येताच ते तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधत. सीट भिजलीच, तर ती उन्हात किंवा चुलीजवळ कधी ठेवत नसत, सावलीतच वाळवत. मी शिक्षक झालो, तेव्हा ती सायकल माझ्याकडे आली. मला सीट फार कडक वाटली. मी ती बाजारात नेली आणि तिच्यावर दोन इंच जाडीचा फोम लावून घेतला. वरून चकचकीत रेक्झिन शिवून घेतले. सीट अगदी गादीसारखी मऊ झाली.

पहिल्या दिवशी मला खूप आनंद झाला. आठवड्याभरात मात्र तक्रार सुरू झाली. दोन किलोमीटर गेलो की पायांना मुंग्या येत. पुढे पाऊस सुरू झाला. शिवणीतून पाणी आत शिरले आणि फोमने ते स्पंजासारखे धरून ठेवले. सीट वरून कोरडी दिसे, पण तिच्यावर बसले की पाणी वर येई. ओल्या कपड्यांनी मी वर्गात उभा राहत असे. फोमखालच्या चामड्याला बुरशी लागली आणि ते फाटले. अब्बांनी सीट पाहिली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बेटा, तू सीट मऊ केलीस, पण बसायची जागा घालवलीस.”

अब्बांच्या या बोलण्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. तो समजून घेण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ या.

सायकल येण्याआधी माणूस घोड्यावर बसत असे. घोड्याच्या पाठीवर जे आसन ठेवतात, त्याला मराठीत ‘खोगीर’ किंवा ‘जीन’ म्हणतात. हे दोन्ही शब्द फारसीतून आले आहेत, त्यामुळे ते तुम्हांला परके वाटणार नाहीत. खोगीर म्हणजे मूळ अर्थाने घाम टिपून घेणारे. जीन तयार करणाऱ्या कारागिरांना महाराष्ट्रात ‘जीनगर’ म्हणतात. सौदागर, कारीगर या शब्दांतला ‘गर’ तो हाच. मात्र एका शब्दापासून सावध राहा. उर्दूत ‘काठी’ म्हणजे घोड्यावरचे लाकडी आसन; मराठीत ‘काठी’ म्हणजे हातात धरायची छडी!

खोगिराच्या आत पेंढा, चिंध्या, लोकर असे काहीबाही भरलेले असे. त्यावरून मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द आला. नुसती जागा भरण्यासाठी कोंबलेल्या निरुपयोगी गोष्टींना खोगीरभरती म्हणतात. उर्दूतही ‘खोगीर की भरती’ असे म्हणतातच. मी सीटला फोम लावला, ती अशीच खोगीरभरती होती.

आता सायकलच्या सीटचा इतिहास पाहू. इंग्लंडमध्ये जॉन बोल्टबी ब्रुक्स नावाचा एक तरुण होता. १८६६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तो खिशात २० पौंड घेऊन बर्मिंगहॅम शहरात आला. तेथे त्याने घोड्यांचे साज आणि चामड्याच्या इतर वस्तू बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. तो कामावर घोड्यावरून जात असे. १८७८ साली त्याचा घोडा मेला. दुसरा घोडा घेण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. म्हणून त्याने एक सायकल उसनी आणली. त्या सायकलची सीट इतकी त्रासदायक होती, की आपणच चांगली सीट बनवायची असे त्याने ठरवले. ही हकिकत ब्रुक्स कंपनी आजही सांगते. १८८२ साली त्याने आपल्या चामड्याच्या सीटचे पेटंट घेतले.

ब्रुक्स हा चामड्याचा जाणकार होता. त्याच्या कारखान्यात पुढे ज्या सीट प्रसिद्ध झाल्या, त्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यांत गादी नाही, फोम नाही, पेंढाही नाही. एक लोखंडी सांगाडा असतो. त्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या पट्टीपर्यंत जाड चामड्याचा एकच तुकडा ताणून रिबिटांनी पक्का केलेला असतो. चामड्याखाली मोकळी हवा असते. तुम्ही घरी सुंभाची किंवा पट्ट्यांची खाट पाहिली आहे ना? खाटेला गादी नसली तरी ती अंगाला टोचत नाही, कारण विणलेली पट्टी वजनाखाली थोडी दबते आणि अंगाचा आकार घेते. चामड्याची सीटही तशीच काम करते. खाट सैल झाली की आपण दोऱ्या ओढून घेतो. तसेच सीटच्या पुढच्या टोकाखाली एक नट असतो. चामडे सैल पडले की पान्याने तो नट थोडा फिरवून ताण वाढवता येतो.

मग अशी कडक सीट सोयीची आणि मऊ सीट त्रासाची, असे कसे? त्याचे उत्तर आपल्या शरीरात आहे. आपण ताठ बसतो तेव्हा शरीराचा बराचसा भार कमरेच्या हाडांच्या खालच्या दोन टोकांवर येतो. कडक बाकावर बसून, हात खाली घालून पाहा. ती दोन टोके हाताला लागतील. चांगल्या सीटवर हीच दोन हाडे टेकतात. त्यांच्या मधल्या भागात मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या असतात. तो भाग भार सोसण्यासाठी नाही. सीट फार मऊ असेल, तर हाडे फोममध्ये रुततात आणि फोम मध्येच फुगून वर येतो. तो नको त्या भागावर दाबतो. मग मुंग्या येतात, बधिरपणा येतो. अब्बा जिला ‘बसायची जागा’ म्हणाले होते, ती हीच. हाडांना टेकायला घट्ट आधार हवा असतो. मी तोच घालवला होता.

ब्रुक्सच्या काळात सायकलही वेगाने बदलत होती. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल आणली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरत असे. आजची सायकल हिच्याच घराण्यातली आहे. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. हा डनलॉप जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत म्हणून त्याने ही युक्ती केली होती. हवेच्या टायरमुळे रस्त्याचे धक्के कमी झाले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ब्रुक्सची ‘बी-१७’ ही सीट आली. तिला मोठ्या स्प्रिंगा नव्हत्या. रुंदी सुमारे १७ सेंटिमीटर होती. हीच सीट पुढे शंभराहून अधिक वर्षे बनत राहिली. एखादी वस्तू इतकी वर्षे जवळजवळ तशीच टिकते, तेव्हा तिच्यात काहीतरी बरोबर आहे असे समजावे.

पण चांगल्या वस्तूतही दोष असतात. चामड्याचे काही दोष तुम्हांला कोल्हापुरी चपलेवरून कळतील. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या रसाने कमावलेल्या चामड्यापासून या चपला बनतात. २०१९ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले. त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतील चार-चार जिल्हे आहेत. ही चप्पल सुरुवातीला पायाला चावते. काही दिवसांनी ती पायाचा आकार घेते, आणि मग तिच्यासारखे सुख नाही. पण पावसात तिचे हाल होतात. ती भिजते, सैल पडते, तिला बुरशी लागते. म्हणून कोकणात पावसाळ्यात आपण रबरी चप्पल घालतो.

चामड्याच्या सीटचेही तसेच आहे. नवी सीट अंगवळणी पडायला बरेच दिवस लागतात. ओल्या चामड्यावर बसले की ते ताणले जाऊन मध्ये खोलगट होते. शिवाय तिची देखभाल करावी लागते, ती वजनाने जड असते, आणि काही लोक चामड्याची वस्तू वापरू इच्छित नाहीत. प्लॅस्टिकच्या कवचावर फोम लावलेल्या हलक्या सीट बाजारात आल्या, तेव्हा बहुतेक कारखान्यांनी त्याच उचलल्या. आपल्याकडेही काळ्या सायकलींवरचे चामडे मागे पडले आणि त्याची जागा प्लॅस्टिक, रेक्झिन व फोम यांनी घेतली.

२००२ साली ब्रुक्स कंपनी इटलीतील ‘सेल रॉयल’ या कंपनीने विकत घेतली. सेल रॉयल ही मऊ, गादीदार सीटसाठी प्रसिद्ध होती. आता नव्या मालकांसमोर प्रश्न उभा राहिला. इतक्या जुन्या सीटचे काय करायचे? तिला हातच लावायचा नाही, हा एक मार्ग होता. पण मग पावसात सायकल चालवणाऱ्याची अडचण तशीच राहिली असती. नाव जुने ठेवून आत फोम भरायचा, हा दुसरा मार्ग होता. तो स्वस्त आणि सोपा होता. पण ती पुन्हा खोगीरभरतीच झाली असती.

त्यांनी तिसरा मार्ग घेतला. बी-१७ चांगली का आहे, असा प्रश्न त्यांनी विचारला, असे त्यांच्या कामावरून दिसते. ती चामड्याची आहे म्हणून चांगली आहे, की दोन टोकांत ताणलेली आहे म्हणून? ताण, मोकळी जागा आणि योग्य रुंदी हे तिचे खरे गुण आहेत. चामडे हे ते गुण मिळवण्याचे एक साधन आहे. हे एकदा ध्यानात आले की पुढचा प्रश्न सोपा होतो: चामड्यासारखे ताणले जाईल, पण पाण्याने बिघडणार नाही, असे दुसरे काय आहे?

उत्तर होते रबर. २०१३ साली या कंपनीने ‘कॅम्बियम सी-१७’ ही सीट बाजारात आणली. तिचा आकार बी-१७ वरूनच घेतलेला होता. चामड्याच्या जागी नैसर्गिक रबराचा एक तुकडा ताणलेला होता आणि त्याच्यावर सुती कापड होते. ही सीट पहिल्या दिवसापासून लवचीक असते. तिला अंगवळणी पाडावे लागत नाही. जुन्या सीटप्रमाणे हिच्यावरही रिबिटे दिसतात. पुढे पावसासाठी सुती कापडाऐवजी नायलॉनचे कापड असलेली सीटही त्यांनी आणली. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: नवी सीट आली म्हणून त्यांनी बी-१७ बंद केली नाही. ज्याला चामडे हवे त्याला चामडे, ज्याला रबर हवे त्याला रबर.

कच्चे रबर मात्र असे वापरता येत नाही. ते उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक होते. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला असे आढळले, की रबरात गंधक मिसळून ते तापवले तर हा दोष जातो. गंधकामुळे रबराचे लांब रेणू एकमेकांना बांधले जातात. म्हणून रबर ताणले तरी पुन्हा मूळच्या आकारात येते. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. तुमच्या सायकलची ट्यूब, टायर, ब्रेकचे रबर हे सर्व व्हल्कनीकरण केलेलेच असते.

रबराचे झाडही आपल्यापासून फार दूर नाही. केरळात त्याची मोठी लागवड आहेच. पण आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग परिसरातही रबराच्या बागा आहेत. तेथे पहाटे कामगार झाडाच्या सालीवर तिरपी चीर देतात आणि निघणारा पांढरा चीक वाटीत गोळा करतात. हे काम कौशल्याचे आहे. सालीच्या आत एक पातळ जिवंत थर असतो. त्याच्यामुळे झाडाचे खोड जाड होते आणि सालही पुन्हा भरून येते. या थराचे नाव कॅम्बियम. चीर उथळ गेली तर चीक कमी मिळतो. ती खोल जाऊन कॅम्बियम कापले गेले, तर साल नीट भरून येत नाही आणि झाडाचे नुकसान होते. जुन्या वस्तूत बदल करणाऱ्याचे काम असेच असते. त्याने कापायचे तर असते, पण जिवंत थराला धक्का लावायचा नसतो.

तुम्ही म्हणाल, “सर, ही इंग्लंड-इटलीची गोष्ट झाली. आमचा तिच्याशी काय संबंध?” म्हणून आता आमच्या वर्गातली गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी सायकलने शाळेत येत असे. ती अभ्यासात चांगली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती उशिरा येऊ लागली. मग आठवड्यातून दोन-दोन दिवस येईनाशी झाली. मी कारण विचारले, तर ती मान खाली घालून गप्प राहिली. शेवटी तिने आमच्या शाळेतील आपांना सांगितले. सायकलच्या सीटमुळे तिला इतका त्रास होई, की ती अर्धी वाट सायकल हातात धरून चालत येई. घरी सांगायला तिला संकोच वाटत होता. ‘सायकल झेपत नसेल तर शाळा राहू दे,’ असे घरचे म्हणतील, ही तिला भीती होती.

ती सायकल तिच्या मोठ्या भावाची होती. सीट अरुंद होती आणि तिचे टोक वर उचललेले होते. आपांनी मुलींना एक सोपा प्रयोग शिकवला. खोक्याचा जाड, पन्हाळीदार पुठ्ठा घ्यायचा. तो कडक बाकावर ठेवायचा आणि त्याच्यावर थोडा वेळ ताठ बसायचे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजायचे. हे अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. साधारणपणे ते १० ते १६ सेंटिमीटर भरते, आणि सरासरीने मुलींचे थोडे जास्त असते. सीटची मागची बाजू या अंतरापेक्षा रुंद हवी. त्या मुलीच्या बाबतीत हाडे सीटच्या कडेला येत होती आणि सगळा भार मधल्या भागावर पडत होता. चूक तिची नव्हती. सीट तिच्यासाठी नव्हती.

माझ्या घरी अब्बांच्या फाटक्या सीटचा सांगाडा पडून होता. तो रुंद होता आणि स्प्रिंगा शाबूत होत्या. तो मी वर्गात आणला. आमच्या गावात सायकली दुरुस्त करणारे चाचा आहेत, त्यांनाही बोलावले. मुलांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला आणि सांगाड्यावर ताणून बसवला. ही पहिली सीट अर्ध्या तासात झोळीसारखी खाली गेली आणि लोखंड लागू लागले. मग ट्यूबचे दोन थर लावले. सीट थोडी टिकली. पण उन्हात तापली आणि गणवेशावर काळे डाग पडले. आता काय करायचे? साखरी नाट्याच्या एका होडीवाल्या चाचांनी जुन्या शिडाचा जाड सुती तुकडा दिला. पंक्चरच्या सोल्यूशनने तो ट्यूबवर चिकटवला आणि दोन्ही एकत्र ताणून रिबिटे मारली. कापड फार ताणले जात नाही. त्याने रबराला आवरून धरले. रबराने कापडाला लवचीकपणा दिला. काळे डागही थांबले. तेव्हा मुलांना उमगले, की कॅम्बियम सीटवर कापड केवळ शोभेसाठी नव्हते.

चाचांनी ती सीट बसवली. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, इतकी तिची उंची ठेवली. टोक जमिनीला समांतर केले. सीट दिसायला काही सुंदर नव्हती. पावसात तिचे कापड वाळायला वेळ लागतो, म्हणून तिच्यावर अब्बांसारखी पिशवी बांधावी लागते. पण ती मुलगी पुन्हा रोज वेळेवर येऊ लागली. यंदा ती दहावीची परीक्षा देऊन पुढे शिकायला गेली. महिन्याभराने मी तिला विचारले होते, “सीट कशी आहे?” ती हसून म्हणाली, “सर, आता सीटची आठवणच येत नाही.”

मित्रांनो, सीटला मिळालेली ही सर्वांत चांगली शाबासकी होती. तुमच्या घरीही जुन्या वस्तू असतील: आजीचा पाट, कंदील, जाळे, छत्री, खाट. त्यांपैकी एखादी बदलावीशी वाटली, तर लगेच कात्री हातात घेऊ नका. आधी ती वस्तू कोण वापरते, ते पाहा. त्याला कोठे त्रास होतो, ते विचारा. तो सांगायला संकोचत असेल, तर धीर द्या. ती वस्तू कशामुळे काम करते, ते शोधा. तेवढे जपा आणि बाकीचे खुशाल बदला.

शब्दार्थ

सडा – कातळाचे उंच, सपाट माळरान
कातळ – मोठा सलग खडक (उर्दू: चट्टान)
खोगीर – घोड्याच्या पाठीवरचे आसन
साज – घोड्याला चढवायचे चामड्याचे सामान
कमावणे (चामडे) – कातडे टिकाऊ करणे
बुरशी – ओलाव्याने येणारा पांढरट-हिरवा थर (उर्दू: फफूंदी)
साल – झाडाची बाहेरची कातडी (उर्दू: छाल)
चीक – झाडातून निघणारा दाट, पांढरा रस
सांगाडा – आतील चौकट (उर्दू: ढांचा)
शीड – होडीचे वाऱ्याने फुगणारे कापड (उर्दू: बादबान)
पुठ्ठा – जाड कागद (उर्दू: गत्ता)
संकोच – बोलायला अवघड वाटणे (उर्दू: झिझक)

वाक्प्रचार

अंगवळणी पडणे – सवय होणे
हाल होणे – फार त्रास होणे
उमगणे – नीट समजणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जॉन ब्रुक्सने सायकल उसनी का आणली?
(आ) ‘जीनगर’ कोणाला म्हणतात?
(इ) कॅम्बियम सीट कोणत्या साली बाजारात आली?
(ई) ती मुलगी अर्धी वाट चालत का येत असे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने लावलेला फोम त्रासदायक का ठरला?
(आ) चामड्याची सीट आणि खाट यांत कोणते साम्य आहे?
(इ) वर्गातील मुलांचे पहिले दोन प्रयत्न का फसले?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) रबराच्या झाडाला चीर देताना काळजी घ्यावी लागते.
(आ) कोकणात पावसाळ्यात कोल्हापुरी चप्पल वापरत नाहीत.

प्र. ४. पुढील शब्दांचा उर्दूतील आणि मराठीतील अर्थ सांगा व मराठीत वाक्यात उपयोग करा.
काठी, गादी, खोगीरभरती

उपक्रम : घरातील एखादी जुनी वस्तू निवडा. ती वापरणाऱ्या व्यक्तीशी बोला. तिच्यातील जपण्यासारख्या दोन गोष्टी आणि बदलण्यासारखी एक गोष्ट मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.